ज्यूंची स्मृती म्हणजे सुडाची शपथ नव्हे

व्हॉट्सॲपवर वरचेवर फिरणाऱ्या एका मेसेजचं म्हणणं असं: हिटलरच्या नाझींनी केलेल्या साठ लाख ज्यूंच्या हत्येचा हिशेब ज्यूंनी मनात धगधगता ठेवला, मुलांना सुडाचं बाळकडू पाजलं, फक्त आपलेच लोक आठवले आणि हे सगळं इस्रायल सरकारने घडवून आणलं, आपणही त्यांच्याकडून हेच शिकावं. यातला एकही दावा टिकत नाही. आणि तो मारल्या गेलेल्यांच्या नावावर खपवला जातो, याचा मला मनस्वी राग येतो.

आधी सुडाचं पाहू. जेरुसलेमच्या याद वाशेम या सरकारी स्मृतिसंस्थेत बळींची नोंद करण्यासाठी नातेवाईक एक फॉर्म भरतात. त्यात नाव, आईवडिलांची नावं, जन्मगाव, व्यवसाय, मृत्यू कुठे आणि कसा झाला हे लिहायचं असतं. मारणाऱ्याच्या नावासाठी रकाना नाही. असे फॉर्म आणि जुन्या याद्या मिळून ४८ लाखांहून अधिक नावं तिथे जमली आहेत.

प्रागच्या पिंकास सिनेगॉगच्या (ज्यूंच्या प्रार्थनागृहाच्या) भिंतींवर बोहेमिया-मोराव्हियातल्या, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या, मारल्या गेलेल्या जवळपास ८०,००० ज्यूंची नावं हाताने रंगवलेली आहेत. गाव, आडनाव, मग घरातलं एकेक माणूस, त्याची जन्मतारीख. पुढे बहुतेकदा त्याला पूर्वेकडच्या मृत्युछावण्यांकडे घेऊन गेलेल्या शेवटच्या गाडीची तारीख, कारण मृत्यूची तारीख कुणालाच ठाऊक नाही. १९५० च्या दशकात लिहिलेली ही नावं ओलीने खराब झाली आणि १९६८ पासून सिनेगॉग बंद राहिलं. कम्युनिस्ट राजवट गेल्यावर १९९२ ते १९९६ या काळात ती सगळी पुन्हा लिहून काढली. एवढा खटाटोप चालला तो माणसांची नावं पुसली जाऊ नयेत म्हणून.

सूड कुणाच्याच मनात आला नाही, असं मात्र नाही. नाझींच्या तावडीतून वाचलेले ज्यू प्रतिकारक अब्बा कोव्हनेर यांच्या गटाने १९४६ मध्ये न्यूरेंबर्गजवळच्या छावणीतल्या जर्मन कैद्यांच्या पावांना आर्सेनिक हे विष फासलं होतं. १०९६ मध्ये जर्मनीत ऱ्हाइन नदीकाठी झालेल्या ज्यूंच्या कत्तलींच्या आठवणीतल्या एका जुन्या प्रार्थनेतही सांडलेल्या रक्ताचा बदला मागितला आहे, पण तो देवाकडे. आणि मृतांसाठी कद्दिश नावाची जी प्रार्थना म्हणतात, तीत शत्रू नाही, मृत्यूचा उच्चारसुद्धा नाही. देवाची स्तुती आहे.

आता सरकारचं. इस्रायल स्थापन झालं मे १९४८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधी, १९४० पासून, वॉर्सा घेट्टोमध्ये, म्हणजे पोलंडच्या राजधानीत नाझींनी ज्यूंना कोंडलेल्या वस्तीत, इतिहासकार एमानुएल रिंगेलब्लुम आणि त्यांचे साथीदार गुपचूप कागद जमवत होते: रेशनकार्डं, ट्रामची तिकिटं, शाळकरी मुलांचे निबंध, उपासमारीच्या नोंदी. सगळं पत्र्याच्या डब्यांत आणि दुधाच्या कॅनमध्ये भरून त्यांनी जमिनीत पुरलं. त्यातला पहिला साठा सापडला सप्टेंबर १९४६ मध्ये, दुसरा डिसेंबर १९५० मध्ये. रिंगेलब्लुम, त्यांची पत्नी आणि मुलगा १९४४ मध्ये मारले गेले. गटातल्या साठेक जणांपैकी जेमतेम तिघं वाचली. त्यातल्या राखेल आउअरबाख यांनी पुढे याद वाशेममध्ये वाचलेल्यांच्या साक्षी नोंदवण्याचा विभाग उभा केला. म्हणजे सरकारी संस्थेलाही हे काम घेट्टोतल्या माणसांनीच शिकवलं.

वाचलेले लोक पहिल्या दिवसापासून जगाला ओरडून सांगत होते, असंही मेसेज धरून चालतो. युद्ध संपता संपता पोलंडमधल्या ज्यू आयोगाने हजारो साक्षी लिहून घेतल्या हे खरं, पण ऐकायची तयारी कमी होती. खुद्द इस्रायलमध्ये ‘प्रतिकार का केला नाही’ असं त्यांना विचारलं जायचं. बरेच जण गप्प राहिले. ज्यूंना छावण्यांत धाडण्याची व्यवस्था पाहणारा नाझी अधिकारी आइकमन याच्यावर इस्रायलमध्ये १९६१ साली चाललेल्या खटल्यात शंभराहून अधिक जणांनी साक्ष दिली, ती रेडिओवरून घराघरांत पोचली, तेव्हा ही कोंडी फुटू लागली.

राहिला ‘फक्त आपलेच’ हा आरोप. जीव धोक्यात घालून ज्यूंना वाचवणाऱ्या २८,००० हून अधिक बिगरज्यूंचा याद वाशेमने नावानिशी सन्मान केला आहे. त्यात सहाशेहून अधिक जर्मन आहेत.