आरशाच्या उपमेबद्दल

सप्रेम नमस्कार.

फॉक्स न्यूज ही अमेरिकी वृत्तवाहिनी आणि मतदान यंत्रे बनवणारी डोमिनियन कंपनी यांच्या खटल्यावरील माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभार. डोमिनियनच्या यंत्रांनी २०२० ची अध्यक्षीय निवडणूक ट्रम्प यांच्याकडून हिरावली, असे खोटे दावे दाखवल्याबद्दल कंपनीने वाहिनीवर हा बदनामीचा दावा केला होता. वाहिनी हा समाजाचा आरसा असतो, २०२० च्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याची भीती प्रेक्षकांच्या मनात आधीच होती, तडजोड म्हणजे दोषाची कबुली नव्हे, आणि ज्याला वाहिनी पटत नाही त्याने ती पाहू नये, असे आपले म्हणणे आहे.

तडजोडीबाबत आपण अंशतः बरोबर आहात. १८ एप्रिल २०२३ रोजी ७८.७५ कोटी डॉलर देऊन फॉक्सने दावा मिटवला, त्यामुळे खोटे जाणूनबुजून पसरवले गेले का, याचा निवाडा ज्यूरीपुढे झालाच नाही. मात्र मजकूर खरा की खोटा, हा प्रश्न तोवर उरला नव्हता. न्यायाधीश एरिक डेव्हिस यांनी ३१ मार्चच्या आदेशातच डोमिनियनविषयीचे एकही वादग्रस्त विधान खरे नसल्याचे निःसंदिग्ध शब्दांत नोंदवले होते.

आता आरसा. ट्रम्प यांनी टपाली मतदानाविषयीचा संशय कित्येक महिने आधीपासून पेरला होता, हे मला मान्य आहे. पण ३ नोव्हेंबरच्या, म्हणजे मतदानाच्या रात्री अ‍ॅरिझोना राज्य बायडेन यांच्याकडे गेल्याचे फॉक्सने इतरांच्या आधी आणि अचूक सांगितले, तेव्हा ती वाहिनी खरोखर आरशासारखी वागली होती, आणि नेमक्या त्याच प्रामाणिकपणामुळे चिडलेले ट्रम्पसमर्थक प्रेक्षक न्यूजमॅक्स या प्रतिस्पर्धी वाहिनीकडे वळू लागले. त्यानंतर आत काय घडले, ते खटल्यात उघड झालेल्या संदेशांतून दिसते. हे दावे करणाऱ्या, ट्रम्प यांच्या बाजूच्या वकील सिडनी पॉवेल खोटे बोलत आहेत, असे फॉक्सचे तेव्हाचे निवेदक टकर कार्लसन यांनी सहकाऱ्याला खासगीत लिहिले. त्यांनी पॉवेल यांच्याकडे पुरावा नसल्याचे एकदा पडद्यावरही सांगितले, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. परंतु वाहिनीच्याच एका वार्ताहर महिलेने ट्रम्प यांच्या ट्वीटमधील दावा तपासून खोडून काढला, तेव्हा तिला कामावरून काढा, कंपनीचे नुकसान होते आहे, शेअरचा भाव उतरला आहे, असे लिहिणारेही तेच होते. जिथे खरे बोलणाऱ्या सहकाऱ्याची किंमत शेअरच्या भावात मोजली जाते, तिथे आरशाची उपमा मला लावता येत नाही. हेच खोटे दावे करणारे आणि वाहिनीचे मोठे जाहिरातदार असलेले उशांचे उत्पादक माइक लिंडेल यांना वाहिनीवर अजूनही स्थान का, या प्रश्नावर मालक रूपर्ट मर्डोक यांनी, हा मामला लाल किंवा निळ्याचा नसून हिरव्याचा, म्हणजे पक्षांचा नसून पैशाचा आहे, या विधानाला शपथेवर होकार दिला.

या धंद्याची झळ कोणाला लागली, हेही पाहावे. संशयाचे बोट वारंवार डेट्रॉइट, फिलाडेल्फिया, अटलांटा अशा शहरांकडे, म्हणजे कृष्णवर्णीय मतदार मोठ्या संख्येने असलेल्या ठिकाणांकडे वळत राहिले. प्रेक्षकांच्या मनातील जुन्या पूर्वग्रहाला त्यातून रोज खतपाणी मिळाले.

राहिला वाहिनी न पाहण्याचा आपला उपाय. तो मलाही आवडला असता, पण अमेरिकेतील केबलचा व्यवहार तसा चालत नाही. फॉक्स न्यूजच्या उत्पन्नाचा मोठा भाग केबल कंपन्यांकडून दर ग्राहकामागे मिळणाऱ्या शुल्काचा असतो, आणि हे शुल्क वाहिन्यांच्या एकत्रित संचाच्या मासिक बिलातून वसूल होते. त्यामुळे ज्या घरात ती वाहिनी कधीच लागत नाही, ते घरही दरमहा तिला पैसे देत असते.