आमच्या घरात सतरा जण राहतात

नेट पूर्ण बंद पडलं तर आमच्या घरात भांडणं होत नाहीत. बंद म्हणजे बंद. कंपनीला फोन करायचा, मनातल्या मनात दोन शिव्या हासडायच्या आणि वाट बघायची. कुणी कुणावर संशय घेत नाही. खरी कसोटी लागते ती नेट मंदावतं तेव्हा. धड मरतही नाही, धड जगतही नाही. पडद्याच्या मधोमध ते वर्तुळ गरगरत राहतं आणि घरातली माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेनं बघायला लागतात.

परवा मंगळवारी सकाळी नेमकं हेच झालं. बायकोची मीटिंग चालू होती. तिच्या कॅमेऱ्यात येऊ नये म्हणून मी भिंतीला चिकटून सरकत होतो, तेवढ्यात तिनं माइक बंद केला आणि विचारलं, "अहो, तुम्ही काही डाउनलोड करताय का?"

दिसायला हा प्रश्न आहे, पण असतं ते आरोपपत्र. मी नाही म्हणालो. तिनं पडदा माझ्याकडे वळवला. तिचे साहेब डोळे अर्धवट मिटून, तोंड उघडं टाकून थिजले होते. आवाज मात्र साहेबांना मागे टाकून बराच पुढे निघून गेला होता.

आतल्या खोलीतून चिरंजीव ओरडले, "बाबा, पिंग नऊशे झालाय! मी गोळी घालतो तोवर समोरचा मला मारून, घरी जाऊन झोपलेला असतो!"

आईची मात्र तक्रार नव्हती. तिची मालिका दर दोन मिनिटांनी थांबत होती आणि तेवढ्यात तिची डुलकी होत होती. "बरं आहे की रे," ती म्हणाली, "पूर्वी फार भराभर पळायचं."

आता माझी साक्ष. आदल्या रात्री आईला तिच्या बहिणीबरोबरचा एक जुना फोटो हवा होता, तो शोधून दिला. यापलीकडे त्या आठवड्यात मी विजेवर चालणाऱ्या कुठल्याही वस्तूला हात लावलेला नव्हता. हे मी आधीच सांगून ठेवतो.

पहिला उपाय सगळ्यांना पाठ आहे: राउटर बंद करायचा, तीस सेकंद थांबायचं, चालू करायचा. हा नुसता तोडगा नाही बरं का. बंद केल्यावरही आतल्या भागांत थोडी वीज रेंगाळते, ती उतरू द्यायची. मग राउटर गेल्या कित्येक आठवड्यांची अडगळ विसरून कोऱ्या पाटीनं जागा होतो. माणसांसाठी असलं बटण नाही, याची हळहळ मला प्रत्येक वेळी वाटते. राउटर जागा झाला, दिवे एकेक करून हिरवे झाले, आम्ही टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. पाच मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग साहेब पुन्हा थिजले, या वेळी शिंकेच्या उंबरठ्यावर.

मग कंपनीला फोन. माझा कॉल त्यांच्यासाठी अत्यंत महत्त्वाचा असल्याचं मला बावीस मिनिटं सांगण्यात आलं. त्यानंतर एक गोड आवाज आला.

"सर, राउटर बंद करून चालू केलात का?"

"केला."

"एकदा माझ्यासमोर करता का?"

केला. राउटर बंद झाल्यावर मी वायफायवरूनच बोलत होतो हे आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. पुन्हा बावीस मिनिटं.

दुसऱ्या खेपेला गाठ पडली ती जास्त जाणकार बाईंशी. "सर, इथून बघते... तुमची पॉवर मायनस एकोणीस दाखवतेय."

मी खचलो. म्हणजे खचलेला होतोच, पण ते त्यांना तिथून मोजता येत असेल असं वाटलं नव्हतं. मग त्यांनी समजावलं. फायबरमधून येणारा उजेड एक मिलिवॉटच्या तुलनेत मोजतात आणि घरापर्यंत पोचेतो तो त्याहून पुष्कळच कमी झालेला असतो, म्हणून आकडा उणे. उणे आठ ते उणे सत्तावीसच्या दरम्यान असला की साधारण चालतं. उणे एकोणीस म्हणजे प्रकृती ठणठणीत. "आमच्या बाजूनं सगळं ओके आहे, सर. तरी तक्रार नोंदवून घेते. गुरुवारी माणूस येईल." सगळं ओके असल्याबद्दलची तक्रार नोंदवून घेणारी ही एकच संस्था मला ठाऊक आहे.

गुरुवारपर्यंत हातावर हात ठेवून बसणं माझ्या स्वभावात नाही. बायकोच्या मते घरातले निम्मे बिघाड या स्वभावातूनच उगवतात. मी तपास हाती घेतला.

स्पीड टेस्ट केली. आमचा प्लॅन खाली उतरण्यासाठी ५० आणि वर जाण्यासाठी ५ असा आहे. आता हे ५० म्हणजे मेगाबिट, मेगाबाइट नव्हे. आठ बिटांचा एक बाइट, म्हणजे सेकंदाला जेमतेम सव्वासहा मेगाबाइट. हा हिशेब कळला त्या दिवशी आपल्याला कुणीतरी किलोच्या भावात पौंड दिल्यासारखं वाटलं होतं. असो. त्या दिवशी सव्वासहाचीही गोष्ट सोडा. काटा ७ वर गेला, थरथरला आणि ४ वर येऊन बसला. वर जाण्याच्या रकान्यात ०.२. त्या ०.२ कडे मी दुर्लक्ष केलं, कारण वर काही पाठवायची घरात कुणालाच गरज नव्हती. गुन्हेगार समोर उभा राहून हात हलवत होता आणि मी त्याच्या अंगावरून पुढे गेलो.

मग वायफायवर संशय. वायफायच्या जुन्या, २.४ गिगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात मोठी गर्दी असते. त्यात एकमेकांच्या पायात न येणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. आजूबाजूची सगळी घरं त्या तिघांत दाटीवाटीनं बसलेली. शिवाय मायक्रोवेव्ह ओव्हन जवळपास त्याच फ्रिक्वेन्सीवर चालतो आणि त्याची किंचित गळती झाली तरी वायफायच्या कानात भोंगा वाजल्यासारखं होतं. पाणीही या लहरी शोषून घेतं. आमचा राउटर आणि बायकोचं टेबल यांच्या मधोमध माशांची काचपेटी आहे. म्हणजे साहेब रोज मासे ओलांडून येत होते! मी काचपेटी हलवली. फरशी ओली झाली, मासे भेदरले, वेग तेवढाच राहिला. राउटर कपाटावर चढवला, मग खुर्चीवर, मग स्वतः हातात धरून दारात उभा राहिलो. आईनं एक डोळा उघडला, म्हणाली, "किती वेळ धरणार आहेस?" आणि मिटला.

दुपारी मी घरच्यांना धीर देण्यासाठी वेल्समधल्या अ‍ॅबरहोसन गावाची गोष्ट सांगितली. २०२० मधली, खरी आहे. त्या गावाचं ब्रॉडबँड रोज सकाळी सातला कोलमडायचं. तब्बल अठरा महिने. केबली बदलून झाल्या, उपयोग शून्य. शेवटी अभियंते लहरी मोजायचं यंत्र घेऊन पहाटे गावात फिरले, तेव्हा एका घरातला जुना टीव्ही सापडला. तो सातला सुरू व्हायचा आणि त्यातून निघणारा विजेचा गोंगाट अख्ख्या गावाचं नेट झोपवायचा. टीव्हीवाल्यांना बिचाऱ्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं आणि तो पुन्हा लावणार नाही असं त्यांनी कबूल केलं.

"म्हणजे बघा," मी म्हणालो, "गुन्हेगाराला स्वतःलाही पत्ता नसतो."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, गोष्ट आवडली.

रात्री अकरानंतर डोकं थोडं थंड झालं आणि मी पिंगकडे वळलो. चिरंजीवांनी सकाळीच सांगितलेलं, पण घरचं माणूस सांगतं ते पटायला वेळ लागतो. १९८३ मध्ये माइक म्युस या अमेरिकी प्रोग्रॅमरनं हे छोटंसं साधन लिहिलं. नाव ठेवलं पाणबुड्यांच्या सोनारच्या आवाजावरून: हाक मारायची आणि प्रतिध्वनी किती वेळानं येतो ते मोजायचं. आधी राउटरला हाक मारली. तीन मिलिसेकंदांत ओ आली. म्हणजे वायफाय निर्दोष, मासे निर्दोष. मग घराबाहेरच्या जगाला हाक मारली. ९१२. एरवी हा आकडा पंधराच्या आत असतो. म्हणजे घरात वाट मोकळी आणि तुंबारा उंबरठ्यावर. बाहेरून काही अडलं नसेल तर आतूनच कुणीतरी दारात सामान लावून बसलं होतं.

राउटरच्या अ‍ॅपमध्ये जोडलेल्या यंत्रांची यादी असते. ती मी आयुष्यात प्रथमच उघडली. आम्ही चार माणसं. यादीत सतरा जण.

फोन, लॅपटॉप, टीव्ही ठीक आहेत. पण बल्ब? प्रिंटर? कपडे धुण्याचं यंत्र? त्याला इंटरनेटवर काय बघायचं असतं? वजनकाटासुद्धा होता. म्हणजे माझं वजन रोज सकाळी कुठल्याशा दूरदेशीच्या सर्व्हरवर जाऊन पडतं. "एवढं जड सामान रोज वर चढवायचं म्हणजे लाइनवर ताण येणारच," चिरंजीव म्हणाले. त्याला मी झोपायला पाठवलं. तो गेला नाही.

मग एकेकाला घराबाहेर काढायला सुरुवात केली. बल्ब काढला, पिंग नऊशे. टीव्ही काढला, आतून आईची हाक, पिंग नऊशे. प्रिंटर काढला, तो गेल्याचं त्याला स्वतःलाही कळलं नसावं. वजनकाटा मी थोड्या सूडबुद्धीनंच काढला. तेरावा, चौदावा... पंधरावा काढला आणि पिंग एकदम १४. परत आत घेतला, ८८०. काढला, १३.

पंधराव्या यंत्राचं नाव होतं 'बाबा जुना'. हे बारसं अर्थातच चिरंजीवांनी केलेलं.

नवा फोन माझ्या हातात होता. जुना फोन कपाटामागच्या प्लगला लटकत होता. सोमवारी रात्री आईसाठी तो फोटो शोधायला मी दोन वर्षांनी त्याला ड्रॉवरमधून बाहेर काढलं होतं. जागा झाल्या झाल्या त्यानं काहीबाही विचारलं असणार आणि आपण सगळेच देतो तसं न वाचता मी 'हो' म्हटलं असणार. 'वायफाय असेल आणि चार्जिंग चालू असेल तेव्हाच फोटो क्लाउडवर पाठवा,' अशी ती अट. मी दोन्ही सोयी करून दिल्या आणि झोपायला गेलो. पडद्यावर शांतपणे लिहिलं होतं: ३१,४०६ पैकी ९,८१२ पूर्ण.

"पण हा तर वर पाठवतोय, खाली का अडतं?" बायकोनं विचारलं. प्रश्न रास्त होता. बाहेरून माल आला की आपल्या यंत्राला 'पोचला' अशी पावती उलट पाठवावी लागते. पावत्या गेल्या नाहीत तर पाठवणारा हात आखडता घेतो. आमच्या पाचच्या बारीक बोळात फोटोंची ही लांबलचक रांग, आणि साहेबांच्या नाकाच्या शेंड्याची पावती त्या रांगेच्या शेपटाला उभी. राउटर कुणालाही नाही म्हणत नाही, सगळ्यांना रांगेत घेतो. तिथंच घोळ होतो. जिम गेटिस या अभियंत्याला २०१० मध्ये स्वतःच्या घरीच हा प्रकार भेटला आणि त्यानं त्याला 'बफरब्लोट' असं नाव दिलं. मराठीत बद्धकोष्ठ.

आता त्या रांगेत एवढं मौल्यवान काय होतं? चिरंजीवांनी सगळ्यांसमोर उघडून दाखवलं. उगवता सूर्य, शुभ सकाळ. गुलाबाचं फूल, शुभ सकाळ. दवबिंदू, कप, पोपट, पुन्हा सूर्य. दोन वर्षांपूर्वीच्या हजारो सकाळी आजच्या सकाळच्या छातीवर बसल्या होत्या. आणि मधोमध अडकलेला एक अजस्र व्हिडिओ. तो थोडा वर जायचा, तुटायचा, पुन्हा पहिल्यापासून निघायचा. एकेचाळीस मिनिटांचा काळोख. फोन खिशात असताना चुकून चालू झालेला. काळोखातून फक्त माझा आवाज येत होता: "अगं निघालो कधीचाच, ट्रॅफिकमध्ये अडकलोय." मागे न्हाव्याची कात्री स्पष्ट ऐकू येत होती.

"हा कोणत्या दिवशीचा?" बायकोनं विचारलं.

त्या विषयात इथं शिरायचं कारण नाही.

गुरुवारी कंपनीचा तरुण आला. दिवे बघितले, टेस्ट मारली, काटा ४८ वर. "सर, मस्त चाललंय की." बायकोनं तोंड उघडलं, पण मी घाईनं म्हणालो, "कालपासून आपोआपच सुधारलं." त्यानं समजूतदारपणे मान डोलावली. "होणारच. आम्ही मागनं रीफ्रेश मारला ना." तक्रार बंद करायला त्याला ओटीपी हवा होता, तो दिला. पाच तारे हवे होते, तेही दिले.

तो दारात चपला घालत असताना आई आतून आली. हातात माझा जुना फोन.

"अरे, हा बंद पडलाय. बहिणीचा तो फोटो मी अजून नीट पाहिलाच नाही. चार्जिंगला लावू का?"

तरुणानं एक चप्पल पायात, एक हातात अशा अवस्थेत आधी फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"किती राहिलेत, सर?"

"साडेएकवीस हजार," चिरंजीव आतून ओरडले.