वांग्याच्या भरताशिवाय वसतिगृहातला हिवाळा?

लेख आवडला. निवासी शाळेतल्या मुलांच्या हिवाळ्याबद्दल लिहिताना तुम्ही क्रीडा महोत्सव, स्नेहसंमेलन, सहल सगळं घेतलंत, पण भरीत पार्टी कशी काय सुटली? आम्ही जळगाव जिल्ह्यातल्या वसतिगृहात वाढलो. आमच्यासाठी डिसेंबर म्हणजे भरीत! कापूस वेचून झाला की पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, मिळायच्या. त्यांच्या जाळावर हिरवी, पांढुरकी मोठी वांगी साल काळी होईपर्यंत भाजायची. मग ती लाकडी भांड्यात भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसणासोबत मुसळाने ठेचायची. हे काम मोठ्या वर्गातल्या मुलांचं, आणि ते कुणी सोडत नसे. वरून कांद्याची पात, शेंगदाणे आणि सोबत ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. एरवी जेवणावर कुरकुरणारी मुलंही त्या दिवशी पंगतीतून उठायला तयार नसत.

आणखी एक. २४ डिसेंबर ही साने गुरुजींची जयंती. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात त्यांनी मुलांना आईच्या मायेनं सांभाळलं, मुलांच्या खोल्याही स्वतः झाडल्या. खान्देशातल्या प्रत्येक वसतिगृहात हा दिवस साजरा व्हावा, पण हारतुऱ्यांपुरता नको. त्या दिवशी अधीक्षकांनी पहाटे मुलांच्या खोल्यांतून एक फेरी मारावी, कुणाकडे स्वेटर नाही, कुणाचं पांघरूण विरलंय ते बघावं. सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेली लहान मुलं थंडी वाजते म्हणून सांगत नाहीत, मुकाट कुडकुडत राहतात. यावरही एक लेख लिहाच.