तू तं घरीच हायस!

काल भर दुपारी, ऑफिसची मीटिंग चालू असताना मी कुरड्या राखत होतो. आमच्या नव्हे, शेजारच्या काकूंच्या. गल्लीत स्लॅप आमचाच, त्यामुळे वैशाखात अख्ख्या गल्लीचं वाळवण आमच्याकडे. सकाळी जुन्या लुगड्यावर कुरड्या पसरवून काकू जिन्यावरूनच म्हणाल्या, "तू तं घरीच हायस, कावळे पाहत जाय." एका हातात माउस, दुसऱ्यात तुराटी. एवढं करूनही एक बकरी जिना चढून आली आणि व्हायचं ते झालं. संध्याकाळी पानठेल्यावर चर्चा ऐकली: "इंजिनिअर हाय म्हणे, बकरी हाकलता आली नाई."

मी पुण्याच्या एका कंपनीचं काम दारव्ह्याकडच्या आमच्या गावातून करतो. स्लॅपवरच्या खोलीत, कारण रेंज तिथंच येते. ऊनही तिथंच येतं. कूलरमध्ये पाणी ओतलं की तासभर माणसात असतो, मग पुन्हा बादली. अशात कंपनीनं सगळ्यांना एक कागद पाठवला: घरून काम करताना ताण कमी करायचा असेल तर दिनचर्या आखा. मीही हौसेनं आखली, दारव्ह्याहून प्रिंट काढून आणली आणि भिंतीला चिकटवली.

सल्ले वाईट नाहीत, पण लिहिणारा फ्लॅटमध्ये राहत असणार आणि त्याच्या फ्लॅटला कडी असणार. उदाहरणार्थ, काम सुरू करण्याआधी ऑफिसला निघाल्यासारखं थोडं चालून या, म्हणजे मनाला कळतं की घर संपलं, काम सुरू झालं. मी निघालो. पहिल्या ओट्यावरून "कुठी चालला?" "कुठी नाई, असाच." दुसऱ्या ओट्यावरून तेच, तिसऱ्यावरून तेच. आमच्याकडे असंच कुणी चालत नाही. माणूस वावरात जातो, दवाखान्यात जातो, नाहीतर रिकामा असतो. आठवड्याभरात आईच्या कानावर आलं की पोट्ट्याची नोकरी गेली, सकाळी उठून गावभर फिरते.

डोळ्यांसाठी 20-20-20 चा नियम आहे. दर 20 मिनिटांनी, 20 फूट लांबच्या वस्तूकडे, 20 सेकंद पाहायचं. माझ्या खिडकीपासून 20 फुटांवर समोरच्या आबाजींची बाज आहे. बाजेवर आबाजी आहेत. तुम्ही एखाद्या माणसाकडे 20 सेकंद टक लावून बघा आणि तो उठून तुमच्याकडे येत नाही का ते सांगा.

आबाजी आले. डोक्याचा दुपट्टा सोडला, कूलरसमोरची खुर्ची घेतली (ती माझी होती) आणि भिंतीवरच्या कागदाकडे बोट केलं.

"हे काय लावलं भित्तीले? शाळेतल्या पोट्ट्याचं हाय का?"

"माझंच आहे, आबाजी. वेळापत्रक. त्यानं ताण कमी होते."

"कायचा ताण?"

इथे मी अडकलो. बोंडअळी, सोसायटीचं कर्ज, कापसाचा भाव आणि तीन पोरींची लग्नं पाहिलेल्या माणसाला 'क्लायंटनं मेलमध्ये वरच्या साहेबाला जोडलं' हा ताण कसा सांगायचा? पण खरं सांगू, मला रागही येतो. म्हणून माझा ताण ताण नाही का? आमच्या गावात दुःखातही सिनिऑरिटी लागते. बैल मेल्याशिवाय सुस्कारा टाकायची सोय नाही.

आबाजी बोटानं एकेक ओळ वाचत होते. "साडेनऊ ते नऊ पंचावन, काम. मंग पाच मिनिट विश्रांती." त्यांनी चष्मा काढला. "पंचवीस मिनिटातच थकते काय बे तू?"

मी समजावलं की ही पद्धतच आहे. इटलीत फ्रान्चेस्को सिरिलो नावाचा विद्यार्थी होता, 1980 च्या दशकाच्या शेवटी त्याचं अभ्यासात लक्ष लागेना, तेव्हा त्यानं स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून अभ्यास केला. पुढे 25 मिनिटं काम, 5 मिनिटं सुट्टी असं ठरलं. जगभर लोक करतात.

"भेद्राचं घड्याळ?"

"हो."

"पास झाला का मंग तो?"

मी विषय बदलला. तेवढ्यात माझ्या मोबाइलचा गजर झाला. आबाजी जिन्याकडे तोंड करून ओरडले, "वैनी, कुकर झाला वो!"

मग ते मूळ मुद्द्यावर आले. त्यांचा मुद्दा म्हणजे शकुंतला. मूर्तिजापूर-यवतमाळची ती छोट्या रुळाची गाडी, आमच्या दारव्ह्यावरून जायची. 1994 पर्यंत कोळशाच्या इंजिनावर चालली, मग डिझेलवर, आता बंदच. "तिचंबी टाइमटेबल होतं," आबाजी म्हणाले. "स्टेशनात फळ्यावर लिहून राहे. फळा येकदम बरोबर. गाडी आपल्या हिशेबानं ये. लोक खाली उतरून बोरं तोडत, अन् पुन्हा चढत. कोणाले ताण नव्हता." कागदाकडे पाहून त्यांनी मान हलवली. मला वाटलं संपलं.

"माह्या पंपाची लाइन या हप्त्यात रातची हाय," ते पुढे म्हणाले. "रातभर दारं धरलं. पुढच्या हप्त्यात दिवसाची. मंग मी कवा झोपतो, कवा उठतो, हे लाइन ठरवते. तू कागदावर लिवून राह्यला." हे मात्र खरं होतं, आणि खरं असल्यामुळे जास्त लागलं. माझंही तेच आहे. गावठाणातली लाइन गेली की राउटर गेला, कूलर गेला, एकाग्रता गेली.

"बरं, हे दहाचं काय हाय?"

"दहाला महत्त्वाचं काम, आबाजी. कुणी बोलायचं नाही."

"मंग दहालेच कर. मायी केवायसी राह्यली. दोन हजाराचा हप्ता अटकला."

किसान सन्मानच्या केवायसीला ओटीपी लागतो. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरवर येतो. तो नंबर नातवाचा, नातू नागपूरला आणि त्याच्या कॉलेजात फोन बंद. आम्ही दोघं ओटीपीची वाट पाहत बसलो आणि दोनदा त्याची मुदत टळली. शेवटी नातवानं फोन उचलला आणि पहिलं वाक्य म्हणाला, "आबाजी, मी कामात हाय, मंग करतो." आबाजींनी कौतुकानं फोन ठेवला. "पाय, कामात हाय पोट्टा."

तो वर्गात होता. मी ऑफिसात होतो. पण माझं ऑफिस आमच्या घराला चिकटलेलं, आणि घरी असलेला माणूस कामात असतो हे आमच्याकडे फक्त बाईच्या बाबतीत खरं, तेही कुणी म्हणत नाही.

कंपनीही कमी नाही. कागदात लिहिलंय, संध्याकाळी 6 ला लॅपटॉप बंद करा. तो कागद ज्या मेलला जोडला होता तो रात्री 10 ला आलेला. इंटरनेटचा भत्ता मागच्या वर्षीच बंद झाला, कारण म्हणे गावाकडे खर्च कमी असतो. आता शनिवारी संध्याकाळी 7 वाजता 'तणावमुक्त दिनचर्या' या विषयावर मार्गदर्शन ठेवलंय. हजेरी सक्तीची. शनिवारी!

आबाजींना हे सांगितलं तर त्यांनी एवढंच विचारलं, "चहा भेटते का तिथी?"

नाही भेटत. कॅमेरा मात्र चालू ठेवावा लागतो.