नर्मदेचं मुख : एका प्रतिक्रियेला उत्तर

सर, नमस्कार.

नर्मदेच्या मुखावरच्या माझ्या लेखावर तुमचे आक्षेप दोन. पश्चिमवाहिनी नद्या वेगवान, त्यांना त्रिभुज प्रदेश नसतो, मग नर्मदेच्या मुखाशी मी गाळ कुठून आणला? आणि समुद्राजवळ पाणी खारं असायचंच, त्यात सरदार सरोवर धरणाचा काय दोष?

त्रिभुज प्रदेश नाही, हे मान्य. पण ‘वेग’ हे पुस्तकातलं कारण मला अपुरं वाटतं. भरूचच्या खाली नदी सपाट मैदानातून वाहते. गाळही आहे, मुखातलं आलियाबेट हे बेट त्याचंच. तो साचून पुढे सरकत नाही, कारण खंभातचं आखात नरसाळ्यासारखं निमुळतं होत जातं आणि भरतीचं पाणी त्यात कोंडून चढतं. भावनगरकडे उधाणाला पातळीत १० मीटरच्या आसपास फरक पडतो. एवढं पाणी दिवसातून दोनदा आत शिरतं, दोनदा ओसरतं आणि गाळ घुसळत राहतं. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी भरूचला येणाऱ्या ग्रीक खलाशांनी हेच लिहून ठेवलंय : राजाचे कोळी सामोरे जाऊन जहाजं ओढून आणत, भरती लागली की निघत आणि ओहोटीला ठरलेल्या डोहात नांगर टाकत. परिक्रमेत दक्षिण तीरावरच्या विमलेश्वरला तुम्हाला मध्यरात्री उठवून उत्तर तीरावरच्या मिठी तलाईला जाणाऱ्या होडीत बसवलं ना? ती घाई नावाड्याची नव्हती, भरतीची होती.

आता खाऱ्या पाण्याचं. भरूच मुखापासून सुमारे ५० किलोमीटर आत आहे. खारं-गोडं जिथे मिसळतं ती जागा पावसाळ्यात समुद्राकडे सरकते, उन्हाळ्यात आत येते. किती आत, हे वरून येणाऱ्या पाण्यावर ठरतं आणि ते पाणी आता मुख्यतः सरदार सरोवरातून सोडतील तेवढंच येतं. २०१८च्या उन्हाळ्यात भरूचकरांची तक्रार हीच होती : धरणातून पाणी कमी सुटतं, म्हणून खारं पाणी आत येतं. पावसाळ्यात गोड्या पाण्याच्या ओढीने समुद्रातून वर चढणारा हिलसा मासा म्हणजे भरूचच्या खालच्या भाडभूत गावच्या मच्छीमारांचं वर्षाचं पोट. तिथे आता बंधारा होतोय. खारं पाणी अडेल, पण माशाची वाटही त्यातूनच जाते. मला सगळ्यात जास्त काळजी त्याची आहे.

‘धरणाने मुख मारलं’ हे माझं वाक्य मात्र चुकलं. दिवसातून दोनदा भरती येते तिथे मुख मेलं कसं म्हणू? लेखातून ते काढलंय.

तुमची परिक्रमा धरणाचे दरवाजे बंद होण्याआधीची, म्हणजे २०१७च्या आधीची. तेव्हा भरूचच्या घाटावर पाणी पिता येत होतं का? आठवत असेल तर कोणत्या महिन्यात, तेही कळवा.