घरट्यासमोरच्या फांद्या छाटू नका, ती पोस्ट चुकीची आहे

परवा परभणीला बहिणीकडे गेलो, तर परसातल्या लिंबोणीच्या तीन फांद्या छाटून खाली टाकलेल्या. झाडात बुलबुलचं घरटं, त्यात तीन पिल्लं, अन् मे महिन्याचं ऊन थेट त्यांच्या अंगावर. भाचा मोबाइल घेऊन स्टुलावर उभा. रागावलो तर म्हणाला, "मामा, पोस्टमध्ये तसंच सांगितलंय." परसातल्या फोटोग्राफीच्या युक्त्या सांगणारी ती पोस्ट आमच्या नात्यातल्या सगळ्या ग्रुपवर फिरून आलीय. म्हणून हे लिहितोय.

पोस्ट म्हणते, घरट्यासमोरची पानं काढा, फोटो स्वच्छ येतो; पक्ष्यांना माणसाच्या वासाचं काही नसतं, आई परत येतेच.

वासापुरतं खरं आहे, मान्य. माणसाचा हात लागला की आई पिल्लं टाकून देते हा आपल्याकडचा समज चुकीचाच. पण पिल्लं वासाने मरत नाहीत हो! बुलबुल दाट झुडूप निवडतो तो सावलीसाठी आणि लपण्यासाठी. पारा ४२ च्या पुढे असताना पिसं न फुटलेल्या पिल्लाची सावली काढली तर काय होणार? तिघंही चोची वासून धापा टाकत होती. पानांचा आडोसा गेला की कावळ्याला, भारद्वाजाला घरटं लांबून दिसतं, आणि दोघंही पिल्लं खातात. आपण समोर उभे असेपर्यंत आई चारा चोचीत धरून तारेवरच बसते, म्हणजे तेवढा वेळ पिल्लं उपाशी.

कायदाही वाचा. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२, कलम २(१६) मध्ये 'शिकार' या शब्दाच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी किंवा घरटी विस्कटणं येतं. फोटोसाठी केलं म्हणून ते वेगळं ठरत नाही.

दुसरी युक्ती, फुलपाखरू पाच मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा म्हणजे हलत नाही. कीटकाचं अंग बाहेरच्या उबेवर चालतं. फ्रीजमध्ये ते सुन्न पडतं, कधी मरतं. हेच हिवाळ्यात पहाटे परसात जा. ऊन अंगावर येईपर्यंत चतुर, फुलपाखरं आपणहून गवताच्या काडीला धरून बसलेली असतात, पंखांवर दवाचे थेंब असतात.

बाकीचं थोडक्यात. जास्त मेगापिक्सेल म्हणजे चांगला फोटो, हे मोठं छापायचं असेल तर थोडंफार खरं. व्हॉट्सअ‍ॅप तसाही फोटो दाबून लहान करतं. भर दुपारचा उजेड सगळ्यात चांगला, हे साफ चूक. माथ्यावरच्या उन्हात सावल्या काळ्याकुट्ट पडतात. सकाळी आठच्या आत काढा.

छाटलेल्या फांद्या आम्ही सुतळीने परत बांधल्या आणि घरात गेलो. अर्ध्या तासाने आई आली. एक पिल्लू रात्रीच गेलं, दोन जगली. भाच्याने नंतर स्वयंपाकघरातला दिवा बंद करून, खिडकीच्या पडद्याच्या फटीतून एक फोटो काढला. चोचीत नाकतोडा धरलेली आई, पानांमागून अर्धीच दिसतेय. ज्यांनी ज्यांनी मला ती पोस्ट पाठवली, त्या प्रत्येकाला मी तो फोटो पाठवलाय.