विकला गेला

दादाचा मेसेज आला तेव्हा ठाण्यात रात्र होती आणि इथे कॅनडात, एडमंटनमध्ये आमचा सकाळचा कॉफीब्रेक. "अगं, तुमचा गोलकीपर विकला म्हणे!" तारीख १२ डिसेंबर २०२५. बातमी खरी होती. एडमंटन ऑइलर्स या आमच्या आइस हॉकी संघाने स्टुअर्ट स्किनर हा आपला गोलकीपर पिट्सबर्ग पेंग्विन्सना देऊन टाकला होता. सोबत एक बचावपटू आणि २०२९च्या ड्राफ्टमधला, म्हणजे नव्या पोरांच्या वार्षिक निवडीतला, दुसऱ्या फेरीचा हक्क. बदल्यात मुख्यतः त्यांचा गोलकीपर ट्रिस्टन जॅरी.

आमच्या टेबलावर सगळ्यांच्या माना मोबाइलमध्ये. एक म्हणाला, "दोन वर्षं उशीर झाला." दुसरी म्हणाली, "जॅरीचा करार बघा आधी, सव्वापाच कोटी... नाही, सव्वापाच मिलियनच्या वर आहे वर्षाला." (कोटी माझ्या डोक्यातले, तिच्या नव्हे.) तिसरा फोनवर आकडेमोड करत होता. राग कुणालाच आला नव्हता. हळहळही फारशी नव्हती.

मी मात्र दादाच्या एका शब्दाशी अडखळले. विकला.

आमच्या घरात 'गोलकीपर विकला गेला' या वाक्याला एकच अर्थ होता. १ डिसेंबर १९८२, दिल्ली, आशियाई स्पर्धेतली हॉकीची अंतिम लढत, भारत १, पाकिस्तान ७. रंगीत टीव्ही नुकताच आला होता, चाळीत एकाकडेच होता आणि बाबा त्यांच्या दारात उभे राहून सामना बघत होते. पहिला गोल आपला झाला म्हणून आत पेढे काढले. ते कुणी खाल्ले याची चर्चा पुढे बरीच वर्षं चालली. गोलमध्ये होते मीररंजन नेगी. त्या संध्याकाळी चाळीने निकाल दिला: हा विकला गेला. पाकिस्तानकडून पैसे घेतले. पुरावा? सात गोल हाच पुरावा. बचावफळी कुठे होती, पुढे धावत सुटलेल्या आपल्या खेळाडूंच्या मागे मैदान किती मोकळं पडलं होतं, हे विचारायला कुणाला सवड नव्हती. नेगींची कारकीर्द त्या सामन्याबरोबर जवळपास संपली. डाग पुसायला त्यांना सोळा-वीस वर्षं लागली. १९९८मध्ये बँकॉकला पुरुष संघाने आशियाई सुवर्ण जिंकलं आणि २००२मध्ये मँचेस्टरला महिला संघाने राष्ट्रकुल सुवर्ण, त्या दोन्ही वेळी गोलकीपरांना घडवणारे प्रशिक्षक नेगी होते.

आणि इथे माणूस खरोखर विकला गेला, कागदावर सही-शिक्क्यानिशी, तर कुणाला त्यात काही वावगं वाटेना.

स्किनर काही कुठून आणलेला भाडोत्री नव्हता. तो एडमंटनचाच, नऊ भावंडांतलं शेंडेफळ, याच संघाला बघत मोठा झालेला. २०१७च्या ड्राफ्टमध्ये ऑइलर्सनी त्याला तिसऱ्या फेरीत उचललं. २०२२मध्ये क्लबने मोठ्या विश्वासाने जॅक कॅम्पबेलला पाच वर्षांसाठी २५ मिलियन डॉलर्सचा करार दिला. कॅम्पबेल वर्षभरात ढेपाळला, पुढच्या हंगामात खालच्या लीगमध्ये गेला आणि मग क्लबने पैसे मोजून त्याला मोकळा केला. ती जागा या गावच्या पोराने भरली. वर्षाला २.६ मिलियनमध्ये. या लीगमध्ये नंबर एकच्या गोलकीपरला हे पैसे म्हणजे किरकोळच. संघाच्या एकूण पगारावर इथे कायद्यासारखी मर्यादा असते, २०२५-२६च्या हंगामात ती ९५.५ मिलियन होती. त्यातले १४ एकट्या लिऑन ड्रायसायटलचे, साडेबारा कॉनर मॅकडेविडचे. गोलकीपर स्वस्त म्हणून बाकीचं दुकान मांडता आलं, हे हिशेब करणाऱ्यांनी सोयीस्करपणे विसरावं, हे मला आजही पटत नाही.

खेळला कसा? इथेच सगळी भांडणं. २०२४च्या प्लेऑफमध्ये व्हँकुव्हरविरुद्ध त्याला बसवलं, राखीव गोलकीपर कॅल्विन पिकार्डला उभं केलं, मग परत आणलं. परत आल्यावर डॅलसविरुद्धच्या शेवटच्या सामन्यात आपल्या संघाने जेमतेम १० शॉट मारले, डॅलसने ३५. तरी एडमंटन २-१ जिंकली. कुणामुळे ते सांगायला नको. फ्लोरिडाविरुद्धच्या अंतिम मालिकेत ०-३ वरून ३-३ आणि सातव्या सामन्यात १-२ अशी हार. २०२५मध्ये पुन्हा तेच चक्र: पहिले दोन सामने वाईट, पिकार्ड आत, पिकार्ड जखमी, स्किनर परत. लास व्हेगासविरुद्ध लागोपाठ दोन सामन्यांत एकही गोल खाल्ला नाही, डॅलसविरुद्ध आणखी एकात नाही. आणि अंतिम मालिकेत, पुन्हा फ्लोरिडाविरुद्धच, लागोपाठ दोन सामन्यांत त्याला मधूनच बाहेर काढावं लागलं. असा गोलकीपर चांगला की वाईट? ज्याला जे म्हणायचं आहे त्याला त्याचा सामना या यादीत सापडतो.

मला त्याचा एक सामना प्रत्यक्ष बघायला मिळाला, रॉजर्स प्लेसमध्ये, गोलच्या मागच्या बाजूच्या जागेवरून. टीव्हीवर पक दिसतो तरी. तिथे तो दिसतच नाही. १७० ग्रॅमची ती काळी रबरी चकती, उसळू नये म्हणून आधी गोठवलेली, तासाला दीडशे किलोमीटरच्या आसपास येते, तीही चार-पाच माणसं समोर उभी असताना त्यांच्या पायांमधून. सहा फूट रुंद, चार फूट उंच जाळी. शंभरातले नव्वद अडवले तर लोक म्हणतात 'बरा आहे', ब्याण्णव अडवले तर देव, अठ्ठ्याऐंशीवर आला की मुडदा. देव आणि मुडदा यांच्यात शंभरात चार पक.

त्या दिवशी एक अगदी साधा गोल त्याच्या पायांमधून गेला. तो उठला, जाळीवर ठेवलेली पाण्याची बाटली घेतली, तोंडावर एक पिचकारी मारली आणि वर छताकडे बघत उभा राहिला. मग दोन्ही खांबांना काठीने हळूच टकटक. एखादा माणूस घराचं दार नीट लागलंय ना हे दोनदा बघतो तसं. पुढचा पक मैदानाच्या मध्यातून कुणीतरी नुसता ढकललेला, रांगत आलेला. त्याने तो अडवला आणि अख्ख्या स्टेडियमने उपहासाने टाळ्या पिटल्या. मीही. शेजारचे हसत होते, माझेही हात वाजले. चांगल्या दिवशी हेच लोक त्याच्या नावाचा 'स्टूऽऽऽ' असा गजर करतात आणि नवख्या कानाला तो हुर्योसारखाच ऐकू येतो. त्या दिवशी मात्र संशयाला जागा नव्हती.

घरी जाताना मला वानखेडे आठवलं. २०२४च्या आयपीएलमध्ये रोहितला हटवून हार्दिक पंड्याला मुंबईचा कर्णधार केलं म्हणून आपल्याच लोकांनी आपल्याच मैदानावर त्याची हुर्यो उडवली होती. नाणेफेकीच्या वेळी संजय मांजरेकरला माइकवरून प्रेक्षकांना नीट वागा म्हणून सांगावं लागलं. आमच्या घरच्या ग्रुपवर दादा त्या हुर्योवाल्यांचा सेनापती. मी इथून शहाणपणाने लिहिलं होतं, "इथले लोक असं करत नाहीत, आकड्यांवर बोलतात." जून उजाडला. २४ तारखेला एडमंटन सातवा सामना हरली आणि इथल्या आकड्यांवर बोलणाऱ्यांनी जे बोलायचं ते बोललं. २९ तारखेला बार्बाडोसला हार्दिकने शेवटचं षटक टाकलं, भारत सात धावांनी विश्वविजेता झाला, हार्दिक मैदानावर रडला, दादा ठाण्यात रडला. ४ जुलैला वानखेडेवर त्याच नावाचा जयघोष. मी दादाला विचारलं, "माफी मागितलीस का?" तो म्हणाला, "कशाची?"

तर, आपल्याकडे भांडण माणसाच्या इमानावर येतं: हा आपला आहे का, मनापासून खेळतो का, कुणाला सामील आहे. इथे ते किमतीवर येतं: एवढ्या पैशात एवढंच मिळतं का, दुसरा कोण मिळेल. आपल्याकडे शिवी देतात, इथे 'अ‍ॅसेट' म्हणतात. परदेशात नव्याने आलेल्या माणसाला दुसरं जास्त सुसंस्कृत वाटतं, मलाही बरीच वर्षं वाटलं. पण किमतीचं भांडण निर्दय नसतं असं नाही, त्याचा आवाज तेवढा खाली असतो. आणि आकड्यांचा धीरही बहुतेक वेळा उसना असतो. फ्लोरिडाच्या जाळीत उभा राहिलेला सर्गेई बॉब्रोव्स्की बघा. २०१९मध्ये सात वर्षांसाठी ७० मिलियन, मग वर्षानुवर्षं 'लीगमधला सगळ्यात वाया गेलेला करार' म्हणून थट्टा. २०२३च्या प्लेऑफला तो सुरुवातीला बाकावर होता. नंतर त्याच माणसाने २०२४ आणि २०२५, दोन्ही वेळा एडमंटनच्या तोंडचा घास काढला. फ्लोरिडाने त्याच्यावर विश्वास ठेवला, असं आता सगळे कौतुकाने सांगतात. खरं तर एवढ्या पैशांचं ओझं दुसरं कोण उचलणार होतं? स्किनर स्वस्त होता, करार संपत आला होता, म्हणून जाऊ शकला.

तो फार मोठा गोलकीपर आहे असं माझं म्हणणं नाही. चांगल्या दिवशी उत्तम, वाईट दिवशी घसरणारा, आणि वाईट दिवस कधी येईल ते सांगता न येणारा. बदलायला हवा होता हे मीही म्हणत होते. पण तीन वर्षं बचाव ढिला ठेवून, भरवशाचा दुसरा गोलकीपर न आणता, दर वसंतात त्याला आत-बाहेर करणाऱ्यांना कुणी कुठे पाठवलं नाही. जॅरी आला, आठवड्याच्या आत दोन्ही संघ पिट्सबर्गलाच समोरासमोर आले, जुने-नवे एकमेकांच्या जाळीत, आणि एडमंटन जिंकली. कॉफीच्या टेबलावर विजयी चेहरे. दोन दिवसांनी जॅरी जखमी होऊन बाहेर. टेबल गप्प.

तरी दादाच्या त्या 'विकला'वर विचार करताना एक गोष्ट मला उलटी दिसायला लागली. पॅट्रिक रॉय हा गोलकीपर म्हणजे माँट्रियलचा देव. २ डिसेंबर १९९५ला डेट्रॉइटने त्याच्यावर नऊ गोल चढवले, घरच्याच लोकांनी अशाच उपहासाच्या टाळ्या वाजवल्या, त्याने हात वर करून त्या स्वीकारल्या आणि बाहेर येऊन क्लबच्या अध्यक्षांना सांगितलं, हा माझा इथला शेवटचा सामना. चार दिवसांत तो कोलोरॅडोला गेला आणि पुढच्याच जूनमध्ये स्टॅन्ली कप, म्हणजे लीगचं विजेतेपद, जिंकला. इथे ३२ संघ आहेत. एका गावात तोंड काळं झालं तर दुसऱ्या गावात ते धुता येतं. नेगींना पिट्सबर्ग नव्हतं. देश एकच, संघ एकच, चाळी मात्र लाखो. सात गोल खाल्ल्यावर त्यांना त्याच लोकांत बाजारहाट करावी लागली. हा जो व्यवहार मला इतका कोरडा वाटतो, तो १९८२च्या डिसेंबरात कुणी त्यांच्यापुढे ठेवला असता तर?

रविवारी बाबांना फोन केला. त्यांना हे सगळं सांगितलं, अगदी ड्राफ्टच्या हक्कापर्यंत. ते आता त्र्याऐंशीचे, ऐकायला कमी येतं, पण 'गोलकीपर' बरोबर ऐकू येतं. मी म्हटलं, "बाबा, पैसे खाल्ले नाहीत हो त्याने. क्लबनेच दुसरीकडे दिला."

"वय काय?"

"सत्तावीस."

"आणि गाव?"

"गाव हेच. इथेच जन्मला."

बराच वेळ पलीकडून नुसता पंख्याचा आवाज. मग म्हणाले, "मग येत जाईल की सुट्टीत घरी." आणि नेहमीसारखं विचारलं, तुझी तिकिटं काढलीस का.